टार्गेट आणि स्पर्धेच्या रायफलसाठी स्कोप कसा निवडावा

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ ज्या रायफलवर मिळवलं, तिच्यावर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) नव्हता. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांच्या स्पर्धेच्या रायफलींवरही नव्हता. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिम्पिक प्रकारांत स्कोप चालतच नाही. पुढे टनेल (नळीत बसवलेली गोल कडी), मागे पीप साइट (बारीक भोकाची चकती), एवढ्यावर काम. म्हणून मुलगा किंवा मुलगी नुकतीच क्लबात जायला लागली असेल आणि तुम्ही "चांगला स्कोप कोणता?" असं विचारत असाल, तर पैसे खिशातच ठेवा. ते चांगल्या पीप साइटवर, जॅकेटवर आणि पेलेट्सवर खर्च करा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या प्रकारांपैकी १० मीटर रनिंग टार्गेटला स्कोप चालतो, तोही जास्तीत जास्त चारपट.

मग हा लेख कुणासाठी? अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात राहणारी आपली बरीच मंडळी शनिवार-रविवारी रेंजवर जातात आणि तिकडे एफ-क्लास, पीआरएस, फील्ड टार्गेट, बेंचरेस्ट असे स्कोपवाले प्रकार जोरात आहेत. भारतातही ०.१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते आणि तिच्यावर स्कोप लावून कागदावर नेम धरणारे पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांसाठी.

दुकानदार झूमपासून सुरुवात करतो. आपण टार्गेटपासून करायची. लांबचं मोठं दिसणं ही स्कोपची अर्धीच नोकरी. नेम दर वेळी त्याच जागी परत आणणं आणि जितकं सांगितलं तितकंच सरकणं, हे खरं काम. जास्तीचे पैसे मोजायचे ते त्यासाठी.

पहिली पायरी: स्पर्धा ठरवा, मग नियमावली वाचा

एफ-क्लासमध्ये पडून, टेकूवर रायफल ठेवून, ३०० ते १००० यार्डांवर वर्तुळाकार टार्गेटवर गोळ्या मारायच्या. हा प्रकार कॅनडात जन्मला. जॉर्ज 'फार्की' फार्कर्सन यांच्या नावातला एफ त्याला चिकटला. यात दोन गट आहेत. एफ-टीआरमध्ये फक्त .२२३ आणि .३०८ या काडतुसांच्या रायफली, वजन ८.२५ किलोपर्यंत. एफ-ओपनमध्ये १० किलोपर्यंत. या वजनात स्कोप धरलेला असतो, हे लक्षात ठेवा.

पीआरएसमध्ये (प्रिसिजन रायफल सिरीज) घड्याळ चालू असतं. दीड-दोन मिनिटांत लाकडी अडथळ्यावरून, टायरवरून, छपरावरून वेगवेगळ्या अंतरांवरच्या लोखंडी पट्ट्या वाजवायच्या. एनआरएल२२ हे त्याचं .२२ बोअरमधलं स्वस्त भावंड, त्यात अंतर १०० यार्डांपर्यंतच.

फील्ड टार्गेट हा एअर रायफलचा प्रकार. ब्रिटनमध्ये साधारण ८ ते ५५ यार्डांवर लोखंडी आकृतीतलं १५ ते ४० मिलिमीटरचं भोक साधायचं. अंतर कुणी सांगत नाही आणि लेझर रेंजफाइंडर चालत नाही. अंतर स्कोपवरूनच ओळखायचं.

बेंचरेस्टमध्ये टेबल, बॅग आणि एक ठरावीक अंतर. .२२ साठी बहुधा ५० मीटर, एअरसाठी २५ सुद्धा.

या चौघांना लागणारे स्कोप एकमेकांच्या उपयोगाचे जवळपास नसतातच. 'सगळ्याला चालेल असा एक' शोधणारा माणूस शेवटी दोन विकत घेतो.

दुसरी पायरी: क्लिकचा हिशेब

टरेट (स्कोपवरची नेम सरकवायची गोल खुंटी) फिरवला की 'टिक' वाजतं आणि नेम थोडा सरकतो. किती सरकतो, हे कोनाच्या दोन मापांत सांगतात, त्यामुळे अंतर दुप्पट तर सरकणंही दुप्पट. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. एक मिल म्हणजे १०० मीटरवर बरोबर १० सेंटिमीटर. बाजारात साधारण तीन प्रकारचे क्लिक मिळतात: पाव एमओए, अष्टमांश एमओए आणि ०.१ मिल.

आता हे टार्गेटवर ठेवून बघू. एफ-क्लासच्या १००० यार्डांच्या टार्गेटवर एक्स-रिंग (दहाच्या आतलं सर्वांत लहान वर्तुळ) ५ इंचांची आणि दहाची रिंग १० इंचांची. तिथे अष्टमांश एमओएचा एक क्लिक १.३ इंच सरकवतो, पाव एमओएचा २.६ इंच आणि ०.१ मिलचा ३.६ इंच. पाच इंचांच्या रिंगमध्ये साडेतीन इंचांची उडी म्हणजे मधली जागा कधीच सापडायची नाही. म्हणून एफ-क्लासवाले अष्टमांश एमओए मागतात.

पीआरएसमध्ये उलटं. तिथे पट्टी मोठी, वेळ कमी. शेजारचा नेमबाज "तीन दशांश डावीकडे" असं ओरडतो, कारण सगळे मिलमध्ये बोलतात. तिथे एमओएचा स्कोप घेऊन गेलात तर प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसाल. १ मिल म्हणजे ३.४३८ एमओए, हा गुणाकार घड्याळ चालू असताना कुणाला जमत नाही.

काय घ्याल ते घ्या, पण रेटिकल (स्कोपच्या आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) आणि टरेट एकाच मापात हवेत. मिलचं रेटिकल आणि एमओएचे टरेट अशी जोडी अजून स्वस्तात मिळते. ती स्वस्त का, ते पहिल्याच दिवशी कळतं. आणखी एक खोच: काही स्कोपांवर एमओए लिहिलेलं असतं, पण क्लिक प्रत्यक्षात '१०० यार्डांना एक इंच' या मापाचे असतात. जवळ फरक जाणवत नाही. १००० यार्डांसाठी ४० एमओए फिरवलेत की तो जवळजवळ १९ इंचांचा होतो.

तिसरी पायरी: पॅरालॅक्स, जिथे खरे गुण जातात

नवा नेमबाज झूमबद्दल शंभर प्रश्न विचारतो आणि पॅरालॅक्सबद्दल एकही नाही.

रायफल बॅगवर पक्की ठेवा. तिला हात न लावता स्कोपमधून बघा आणि मान अगदी थोडी डावी-उजवी, वर-खाली हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर तरंगल्यासारखा सरकताना दिसला, तर स्कोपचा पॅरालॅक्स त्या अंतराला लागलेला नाही. म्हणजे गाल स्टॉकवर दर वेळी केसभर वेगळा पडला की गोळीही वेगळीकडे.

चूक जास्तीत जास्त किती होऊ शकते, हे कागदावर काढता येतं. पुढच्या काचेचा निम्मा व्यास घ्या. टार्गेटचं अंतर आणि पॅरालॅक्स लावलेलं अंतर यांच्यातल्या फरकाला पॅरालॅक्सच्या अंतराने भागा. दोन्ही आकडे गुणा. समजा ४० मिलिमीटर काचेच्या साध्या स्कोपचा पॅरालॅक्स कंपनीने १०० मीटरला कायमचा बसवलाय आणि तुम्ही ५० मीटरवर .२२ मारताय. २० गुणिले ०.५ म्हणजे १० मिलिमीटर. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते. म्हणजे डोळा अगदी कडेला गेला तर नेम जवळजवळ एका पूर्ण दहाइतका हलला, आणि रायफल जागची हललेलीही नाही. तोच स्कोप १० मीटरवर एअर रायफलला लावला तर हिशेब १८ मिलिमीटरवर जातो. तिथला दहा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे.

म्हणून कागदावर गुणांसाठी मारायचं असेल तर पॅरालॅक्स फिरवता येणारा स्कोपच घ्या. चाक डाव्या बाजूला असो की पुढच्या काचेभोवती, कामाला दोन्ही चालतं. बाजूचं सोयीचं, एवढंच. त्यावरचे आकडे फार मनावर घेऊ नका, मान हलवून पाहणं हीच खरी कसोटी. चाक कमीत कमी किती अंतरापर्यंत येतं, हे मात्र खोक्यावर नक्की वाचा. सेंटरफायरसाठी (.३०८ सारख्या मोठ्या रायफलींसाठी) बनवलेले बरेच स्कोप ५० यार्डांच्या आत येत नाहीत. एअर रायफल आणि एनआरएल२२ साठी १० ते २५ यार्डांपर्यंत येणारा हवा.

फील्ड टार्गेटवाल्यांनी याच चाकाचं रेंजफाइंडर केलंय. झूम ४०-५० पटीवर नेला की काही यार्डांचा फरकही चित्र धूसर करतो. म्हणून मोठं चाक लावायचं, त्यावर टेपने मोजलेल्या अंतरांच्या खुणा करायच्या आणि भोकाची कडा स्वच्छ दिसली की खूण वाचायची. तापमान बदललं की या खुणा थोड्या सरकतात. थंड सकाळी केलेल्या खुणा भर दुपारी खोटं बोलतात, म्हणून अनुभवी लोक दोन ऋतूंच्या दोन पट्ट्या ठेवतात.

चौथी पायरी: झूम किती

साधा अंदाज असा:

- एफ-क्लास: वरचं टोक ४० च्या पुढे
- पीआरएस: ५–२५ किंवा जवळपास, वापर मात्र बहुतेक वेळ १२ ते १८ वर
- फील्ड टार्गेट: अंतर ओळखायला ३५ ते ५०
- बेंचरेस्ट: ३६ किंवा जास्त, झूम नसलेला फिक्स्ड स्कोप उत्तम
- भारतात घरच्या एअर रायफलवर २५–५० मीटर: ४–१२ किंवा ६–१८ भरपूर

जास्त झूमची किंमत पैशाखेरीजही मोजावी लागते. पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. ५६ मिलिमीटरची काच ४० वर लावली की १.४ मिलिमीटर. चित्र अंधारतं आणि डोळा किंचित हलला की काळी कड येते. शिवाय उन्हं चढली की जमिनीवरचं मृगजळ झूमबरोबर मोठं होतं. १००० यार्डांवरचा काळा गोल उकळत्या पाण्यात टाकल्यासारखा नाचतो. अशा वेळी जाणते लोक ५५ चा स्कोप २५-३० वर आणून मारतात. मृगजळ कुठल्या दिशेला वाहतंय त्यावरून वाऱ्याचा अंदाजही घेतात, त्यामुळे ते दिसणं अगदीच तोट्याचं नाही.

काचेच्या दर्जाबद्दल दुकानात बसून मत बनवू नका. तिथल्या दिव्याखाली सगळ्याच काचा छान दिसतात. उन्हात, रेंजवर, दुसऱ्याच्या स्कोपमधून बघायला मागा. नेमबाज मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत.

पाचवी पायरी: रेटिकल

फर्स्ट फोकल प्लेनमध्ये झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठं होतं, त्यामुळे त्यावरच्या खुणा कुठल्याही झूमवर खऱ्या. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल तेवढंच राहतं आणि खुणा एकाच ठरावीक झूमवर, बहुधा सर्वांत वरच्या, बरोबर येतात.

पीआरएसमध्ये झूम सतत बदलतो आणि वाऱ्यासाठी रेटिकलवरूनच बाजूला धरायचं असतं, म्हणून फर्स्ट. एफ-क्लास आणि बेंचरेस्टमध्ये सेकंड, कारण तिथे बारीक रेघ हवी. अष्टमांश एमओएचा ठिपका १००० यार्डांवर १.३ इंच झाकतो. ते चालतं. जाड ठिपक्याने एक्स-रिंगच झाकली तर मध्य शोधायचा कसा? ख्रिसमस ट्रीसारखं खुणांनी भरलेलं रेटिकल कागदाच्या टार्गेटवर नुसती गर्दी करतं. रेटिकलमधला दिवा शिकारीच्या संधिप्रकाशासाठी ठीक. पांढऱ्या कागदावर दिवसा त्याचं काम नसतं, त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नका.

सहावी पायरी: वर जायला किती जागा आहे

.३०८ ची नेहमीची मॅच गोळी १०० यार्डांच्या झिरोवरून (झिरो म्हणजे ज्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी पडतात ती जुळवणी) १००० यार्डांना न्यायला साधारण ४० एमओए वर जावं लागतं. आता खोक्यावर 'एकूण एलिव्हेशन (वर-खाली सरकायची जागा) ६० एमओए' लिहिलंय असं धरा. स्कोप सरळ बसवला तर त्यातले ३० वर आणि ३० खाली. म्हणजे १००० यार्डांना तुम्ही दहा एमओएने कमी पडलात. यावर उपाय म्हणजे पुढे उतरती असलेली २० एमओएची रेल (रायफलवरची पट्टी, जिच्यावर स्कोप बसतो). ती लावली की ५० वर, १० खाली. काम झालं.

पण हीच रेल आंधळेपणाने लावू नका. फिक्स्ड आणि जास्त झूमच्या काही स्कोपांत एकूण जागाच ४० च्या आसपास असते. तिथे २० ची रेल लावली की झिरो अगदी तळाला टेकतो, कधी होतच नाही. फक्त ५० मीटरवर मारणाऱ्याला सरळ रेल पुरते.

अंतर बदलत मारणाऱ्यांनी झिरो-स्टॉप असलेला टरेट घ्यावा. गडबडीत एक पूर्ण चक्कर चुकणं हा स्पर्धेतला नेहमीचा अपघात, झिरो-स्टॉप तो थांबवतो.

सातवी पायरी: वजन, नळी आणि स्प्रिंगची रायफल

एफ-टीआरमध्ये स्कोपवर वाचवलेले ३०० ग्रॅम बॅरलला देता येतात. नाइटफोर्सचा कॉम्पिटिशन १५–५५ सुमारे ८०० ग्रॅमचा आहे, त्याच कंपनीचा ७–३५ एटॅकर ११०० ग्रॅमच्या आसपास. पीआरएसमध्ये उलट जड रायफल स्थिर राहते, तिथे कुणी ग्रॅम मोजत नाही. ३४ मिलिमीटरची नळी ३० पेक्षा उजळ दाखवते हा समज चुकीचा. जाड नळीत सरकायला जागा जास्त मिळते, इतकंच.

भारतातल्या वाचकांनी इथे थांबावं. स्प्रिंगची, ब्रेक-बॅरल एअर रायफल आवाजाने लहान वाटते, पण स्कोप फोडण्यात ती मोठ्या रायफलींना भारी आहे. पिस्टन सुटताना रायफल आधी मागे येते आणि पिस्टन पुढे आदळला की पुढे फेकली जाते. साध्या स्कोपच्या काचा फक्त मागच्या झटक्यासाठी बांधलेल्या असतात. पुढच्या झटक्याने रेटिकल तुटतं किंवा झिरो भटकतो. 'एअरगन रेटेड' असं स्पष्ट लिहिलेला स्कोपच घ्या आणि माउंट मागे सरकू नये म्हणून स्टॉप-पिनवाला एकसंध माउंट लावा. या रायफलींना बहुधा ११ मिलिमीटरचा डोव्हटेल (अरुंद खाच) असतो, पिकॅटिनीच्या (मोठ्या रायफलींवरच्या रुंद रेलच्या) रिंगा, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्या, त्यावर बसत नाहीत. पीसीपीला (आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलला) हा त्रास नाही.

आठवी पायरी: पैसे

बजेट ठरवताना रिंगा आणि रेल आधी वजा करा, उरलेल्यात स्कोप बघा. महागड्या स्कोपखाली फुटकळ रिंगा लावणं फार सर्रास चालतं. एफ-क्लासच्या रांगेत नाइटफोर्स, जपानी मार्च, व्होर्टेक्सचा गोल्डन ईगल आणि साइट्रॉनचा एसथ्री दिसतात. पीआरएसमध्ये काहलेस, व्होर्टेक्सचा रेझर, लूपोल्डचा मार्क ५, नाइटफोर्स. पहिल्या वर्षी यातलं काहीच लागत नाही. वापरलेला, पण चांगल्या कंपनीचा आणि हमी पुढच्या मालकालाही लागू असलेला स्कोप हा माझ्या मते नवशिक्यासाठी सर्वांत शहाणा सौदा. कमी झूमचा पक्का स्कोप आणि जास्त झूमचा डळमळीत स्कोप एकाच किमतीत दिसले, तर पहिला.

अमेरिकेतून गावाकडच्या भाच्यासाठी स्कोप बॅगेत टाकून न्यायचा विचार असेल तर थांबा. रायफलचे स्कोप तिथल्या निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत. आधी विक्रेत्याकडे नीट चौकशी करा.

नववी पायरी: बसवणं आणि तपासणं

आधी मागच्या काचेचं फोकस आपल्या डोळ्याप्रमाणे जुळवून घ्या. टार्गेटकडे नाही, पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे बघत (सूर्याकडे चुकूनही नाही), दोन-तीन सेकंद बघून नजर काढायची, रेटिकल पहिल्या नजरेत काळंभोर दिसेपर्यंत. चष्मा लावून मारणार असाल तर हे चष्मा लावूनच करा. मग झूम सर्वांत वर नेऊन, प्रत्यक्ष ज्या स्थितीत मारणार त्या स्थितीत रायफल खांद्याला लावा. डोळे मिटून गाल टेकवा आणि उघडा. चित्र पूर्ण दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. पडून मारणाऱ्याने हे टेबलावर बसून ठरवलं तर नंतर मान ताणावी लागते.

रेटिकल सरळ उभं आहे का, हे लांब टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी जुळवून बघा. एक अंश कललेला स्कोप १०० यार्डांवर कळत नाही. त्यावर ४० एमओए वर गेलात की १००० यार्डांना गोळी सात इंच बाजूला जाते आणि तुम्ही वाऱ्याला शिव्या घालता. रिंगांचे स्क्रू टॉर्क-रेंचने, आळीपाळीने आवळा. आकडा कंपनीच्या कागदावर असतो, बहुतेक रिंगांना दोन न्यूटन-मीटरच्या आसपास.

आता खरी परीक्षा. टेपने बरोबर १०० मीटर मोजा. हाताच्या रेंजफाइंडरची मीटरभराची चूक इथे एक टक्का होते. सव्वा मीटर उंच कागद लावा, ओळंब्याने उभी रेघ मारा, तळाशी एक ठिपका काढा. झिरोवर ठिपक्यावर तीन गोळ्या मारा. टरेट १० मिल वर न्या, नेम त्याच ठिपक्यावर ठेवून आणखी तीन मारा. दोन गटांच्या मध्यांत बरोबर एक मीटर यायला हवा आणि वरचा गट रेघेवरच हवा. रेघ सोडून बाजूला गेला तर स्कोप कललेला आहे. ९८ सेंटिमीटर आले तर स्कोप दोन टक्के कमी सरकतो. बॅलिस्टिक अॅपमध्ये (किती क्लिक द्यायचे ते काढणाऱ्या) १.०२ चा गुणक टाकला की प्रश्न मिटतो, त्यासाठी स्कोप परत करायची गरज नाही. मग टरेट चार-पाच वेळा वर-खाली करून झिरोवर आणा आणि पुन्हा मारा. गट जुन्याच जागी पडला नाही, तर मात्र तो स्कोप परत करा. ठरावीक चूक हिशेबात धरता येते, मनमानी धरता येत नाही.

एअर रायफलवाल्यांनी गोळ्या न मारताच हे करावं. रायफल घट्ट बांधा, १० मीटरवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी लावा, क्लिक मोजत रेटिकल सरकताना बघा. १० मीटरवर एक मिल म्हणजे एक सेंटिमीटर.

मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात स्कोप फोमच्या बंद पेटीत ठेवू नका. आतली नळी नायट्रोजन भरून बंद केलेली असते, पण बाहेरच्या काचेवर बुरशी धरते आणि तिने कोटिंग खाल्लं की ते पुसून येत नाही. सिलिका जेलचा डबा, महिन्यातून एकदा पाकिटं गरम करून वाळवायची. काच पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच कापड लावा.